नाड्यांचा डबा

शिवणकाकूंना राग आला की त्या मशीनच्या सुईतला दोरा काढतात आणि मशीन रिकामंच चालवत बसतात. पाय पायट्यावर, हात मांडीवर, सुई आपली खाली-वर, आणि शिवलं जात नाही काहीच. जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना तो आवाज पाठ आहे. तो कानावर आला की कपडा टाकायला आलेली बाई दारातूनच मागे फिरते. एरवी हे प्रकरण पंधरा मिनिटांत निवतं. त्या रविवारी सकाळी अकराला सुरू झालेलं मशीन दुपारची ताटं वाढली तरी थांबलं नव्हतं.

झालं होतं असं. काकूंची धाकटी बहीण मोरीत घसरून पडली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. काकू आठ दिवस तिच्याकडे राहायला गेल्या. जाताना शिवणाच्या खोलीला कडी घालून गेल्या. खोली कसली, मागची गॅलरी खिडक्या लावून बंद केलेली. चार पावलं लांब, अडीच पावलं रुंद. तिच्यात मशीन, कापायचं टेबल, इस्त्री आणि पस्तीस वर्षांचा पसारा. चिंध्यांची बोचकी टेबलाखाली, बॉबिनी खाऊच्या डब्यात, खडू चपलांच्या खोक्यात. बघणाऱ्याला घेरी यायची, पण काकू डोळे मिटून हात घालायच्या आणि हवं ते बाहेर काढायच्या.

सूनबाईला मात्र ती खोली बघवत नसे. ती कामाला होती एका मोठ्या गोदामात. कुठला माल कुठल्या फळीवर ठेवायचा हे ठरवायची तिची नोकरी. तिथे दहा हजार वस्तू जागच्या जागी, आणि घरी सासू कात्री काढायला बोचकी उपसतेय, हे तिच्या जिवाला लागायचं. मुलगी मनाने वाईट नव्हे. वाईट असती तर काकूंना सोपं गेलं असतं.

काकू परत आल्या तेव्हा दाराला रिबीन बांधलेली होती आणि मुलगा मोबाईल धरून तयार. आईचा आनंद त्याला टिपायचा होता.

"आई, डोळे मीट. आता उघड!"

काकूंनी उघडले. आपल्या घरात आहोत की दुकानात, हेच त्यांना क्षणभर कळेना. भिंतभर पांढऱ्या फळ्या. फळ्यांवर पारदर्शक डबे. डब्यांवर चिठ्ठ्या. पांढरी बटणं. काळी बटणं. रंगीत बटणं. दोरे, लाल ते निळे. कात्र्या भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या, फाशी दिल्यासारख्या. बोचकी गायब. जमिनीची फरशी दिसत होती. ती पिवळी आहे हे काकू विसरूनच गेल्या होत्या.

"अकरा पोती अडगळ निघाली," सूनबाई म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "पण घाबरू नका, महत्त्वाचं काही टाकलेलं नाही. तुमच्या मापांच्या वहीला तर मी कव्हर घातलंय. ही बघा, सगळ्यात वर."

काकूंनी वहीकडे बघितलंही नाही. त्यांची नजर भिरभिरत होती. खिडकीच्या गजाला एक जुनी कापडी पिशवी असायची. गजाला आता कुंडी होती.

"इथली पिशवी?"

"नाड्यांची ना? अहो आई, काय गुंता झाला होता त्यांचा! गाठीच गाठी. दोन संध्याकाळी बसून सगळ्या सोडवल्या. टोकांना कुठली कुठली बटणं बांधलेली, ती काढून बटणांत टाकली. मग धुतल्या, इस्त्री केली, गुंडाळ्या केल्या." तिने डबा काढून पुढे धरला. त्रेसष्ट गुंडाळ्या, ओळीने, गोऱ्यागोमट्या. "सोडवता सोडवता माझी नखं गेली बघा."

तिने बोटं पुढे केली. दोन नखं खरंच मुळापर्यंत तुटली होती.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आणि खरं संकट पुढेच होतं, कारण ती आग तोंडावाटे बाहेर काढता येत नव्हती. का ते सांगायचं तर पस्तीस वर्षं झाकून ठेवलेलं एक भांडं उघडावं लागणार होतं.

काकूंना आकडे येत नाहीत. अक्षरं येतात, पाटी वाचतात, बसचं नाव वाचतात. पण आकडे त्यांच्या डोळ्यांपुढे उड्या मारतात. सहाचा नऊ होतो, एकोणीसचा एक्याण्णव. पंधराव्या वर्षी त्या एका टेलरच्या दुकानात काजं करायला लागल्या. मास्तरने एकदा बाही कापायला दिली, ती काकूंनी सोळाऐवजी एकोणीस कापली. मास्तरने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ती बाही त्यांच्या गळ्यात घातली आणि दिवसभर तशीच घालून बसवलं. पुन्हा कात्रीला हात लावू दिला नाही.

तेव्हापासून काकूंनी मास्तरलाही चोरून एक युक्ती काढली. गिऱ्हाईक आलं की टेबलामागे उभं राहायचं आणि मास्तर टेप लावील तिथे तिथे नजरेच्या अंदाजाने नाडीवर गाठ मारायची. खांद्याला एक गाठ, छातीला दोन, कंबरेला तीन, बाहीला उलटी गाठ. टोकाला त्या माणसाच्या जुन्या कपड्याचं एक बटण, म्हणजे नाडी कोणाची ते कळावं. आकड्याचं नावच नको. मास्तरचं दुकान बुडालं, काकूंचं चाललं. गल्लीभर त्यांच्यासारखं फिटिंग कोणाचं नव्हतं.

पण लोकांना काय सांगणार? म्हणून गळ्यात टेप लटकवायची, दार लावून गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभं राहून माप घ्यायचं, आणि गिऱ्हाइकासमोर वही उघडून त्यात काहीबाही गिरवायचं. ही जी वही सूनबाईने कव्हर घालून सगळ्यात वर ठेवली होती, तिच्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक आकडा खरा नव्हता. नवरा गेला त्यालाही ठाऊक नव्हतं. मुलालाही नाही.

तर आता ओरडायचं कशावरून? काकू भलत्याच गोष्टींवरून ओरडल्या.

"कात्र्या टांगायला सांगितल्या कुणी? धार जाते! आणि माझ्या चिंध्या? अस्तराला लागतात त्या! परवानगी घेतलीस? मी मेले होते का?"

"आई, अगं एवढ्याशा चिंध्यांवरून?" मुलाने मोबाईल खाली घेतला.

"तू गप्प बस. तुला बटण लावता येत नाही अजून."

सूनबाईचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "आठ दिवस मी ऑफिसातून येऊन राबत होते. तुमची पाठ दुखते म्हणून. वाकायला लागू नये म्हणून. एक शब्द बरा बोलला असतात तरी चाललं असतं मला." आणि ती दार आपटून आत गेली. आपटलं ते बरंच झालं, काकूंना वाटलं. रडली असती तर आणखी पंचाईत होती.

मग काकूंनी सुईतला दोरा काढला आणि मशीन सुरू केलं.

बासष्ट नाड्यांचं त्यांना फारसं काही नव्हतं. पावभट्टीवाला, शाळेतली शिपाईण, औषधवाल्याची तिन्ही पोरं, सगळ्यांना परत बोलावता आलं असतं. बारीक झालात, जाड झालात, काहीतरी निमित्त काढून. जीव अडकला होता त्रेसष्टाव्या नाडीत.

ती ग्रंथपालबाईंची. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. डावी बाजू काढून टाकली. बरं वाटल्यावर त्या याच खोलीत आल्या, दार लावून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काकू, एकदाच. यानंतर माझ्या अंगाला टेप लावायची नाही. कधीच नाही." काकूंनी शब्द दिला. त्या नाडीवर छातीच्या गाठी वेगळ्या होत्या, उजवीच्या दोन, डावीची एक. तेव्हापासून कापड यायचं, शिवलेला कपडा पिशवीतून जायचा. त्यांना घालून बघायला काकूंनी कधी सांगितलं नाही, की त्यांनी कधी तक्रार केली नाही. आणि येत्या शनिवारी बाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या कोटाचं गडद जांभळं कापड टेबलावर घडी घालून ठेवलेलं होतं. वर सूनबाईची चिठ्ठी, "तातडीचं".

काकूंनी डबा ओतला. एकेक नाडी उजेडात धरली, कुठे गाठीचा वळ दिसतोय का ते बोटांनी चाचपलं. इस्त्रीने सगळं साफ. मग अंदाजाने कापायचं ठरवलं. खडू घेतला, कापडावर एक रेघ ओढली, पुसली. पुन्हा ओढली, पुन्हा पुसली. कात्री हातात घेतली आणि परत खाली ठेवली. नाही चालणार. उजवी-डावी जराशी चुकली तर त्या बाई शनिवारी निरोपाच्या समारंभात चारशे माणसांसमोर उभ्या राहतील आणि सगळ्यांचे डोळे नेमके तिथेच जातील. त्यापेक्षा शब्द मोडलेला बरा. पण शब्द तरी कोणत्या तोंडाने मोडायचा?

सोमवारी संध्याकाळी काकू एक कोरी नाडी पदराला बांधून ग्रंथपालबाईंच्या घरी गेल्या. वाटेत सूनबाईला मनातल्या मनात जितकं बोलता येईल तितकं बोलून घेतलं.

बाईंनी दार उघडलं. काकूंनीच शिवलेला राखाडी कोट अंगात होता, नुकत्याच वाचनालयातून आल्या होत्या. काउंटरमागे बसलेल्या बाई काकूंना रोज जातायेता दिसायच्या, उभ्या अशा समोरून कितीतरी वर्षांत बघितल्या नव्हत्या. काकूंची नजर कपड्यावर गेलीच, ती कोणाच्याही घरी आधी तिथेच जाते. खांदा उतरलेला. छातीला डाव्या बाजूला चुणी. काकूंनी विचारायच्या आत हात घातला आणि कोटाची कड उलटली. आत सेफ्टी पिना. एक, दोन, पाच, सात. काही ठिकाणी हाताने घातलेले वेडेवाकडे टाके.

"हे काय?"

बाई ओशाळल्या. "पाच वर्षं झाली काकू. वजन बरंच उतरलं. मग मी घरीच जरा…"

"पाच वर्षं?" काकूंचा आवाज जिन्यात घुमला. "पाच वर्षं माझं शिवण तुम्ही पिना लावून घालताय? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत? गल्लीत लोक म्हणत असतील काकूंचा हात गेला! आणि ती पिन टोचली असती म्हणजे? तिथे?"

"तुम्ही शब्द दिला होतात ना," बाई म्हणाल्या. त्याही आता चिडल्या होत्या. "मीच मागितलेला. तो मोडा म्हणून मीच कशी सांगू? मला वाटायचं, तुम्ही कधीतरी विचाराल. कधीतरी म्हणाल, बाई, बघू जरा. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

काकूंना इतका राग आला की कोणावर आलाय तेच कळेना. नाडी अगदी बिनचूक ठेवली म्हणून त्या पाच वर्षं स्वतःवर खूश होत्या, आणि नाडीवरचं माणूस कधीच बदलून गेलं होतं.

"दार लावा," त्या म्हणाल्या. "हात वर करा."

या वेळी बाई भिंतीकडे वळल्या नाहीत. काकूंनी पदराची नाडी सोडली, खांद्याला लावली, गाठ मारली. बाई बघत राहिल्या. "आकडा नाही का लिहून घेणार?"

"मला आकडे येत नाहीत," काकू म्हणाल्या. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं तर किती लहान वाक्य होतं. "हलू नका. डावीचं घेतेय."

घरी आल्या तेव्हा सूनबाई शिवणाच्या खोलीतच होती. बटणांचे तिन्ही डबे जमिनीवर ओतून, कुठलं बटण कुठल्या नाडीला होतं ते आठवायचा प्रयत्न करत होती. त्या नाड्यांचं सासूला काहीतरी होतं इतकं तिला उमगलं होतं, काय ते नव्हतं. काकूंनी दारातच उभं राहून सगळं सांगून टाकलं. मास्तर, गळ्यातली बाही, गाठी, वही, सगळं. एका दमात, भांडल्यासारखं.

सूनबाई उठून उभी राहिली. "मग मला सांगायचं ना! दोन वर्षं एका घरात आहोत आपण. मी रोज तुम्हाला त्या वहीत लिहिताना बघते. तिला कव्हर घातलं मी! आणि ज्या गाठी खऱ्या होत्या त्या माझ्याच हाताने… मी काय परकी होते?"

"हो, होतीस," काकू म्हणाल्या. खोटं बोलायचा त्यांना आता कंटाळा आला होता.

मग काकूंनी फळीवरून वही काढली, नव्या कव्हरासकट. कोपऱ्यात अडगळीचं शेवटचं पोतं अजून बांधायचं बाकी होतं, त्यात टाकली.

"अडगळ काढायचीच होती तर आधी ही काढायची होतीस."

डब्यातली एक गुंडाळी त्यांनी उलगडली, दोन झटके देऊन सरळ केली.

"ये इकडे. ताठ उभी राहा. तुझं माप मी कधी घेतलंच नाही."

सूनबाई आली. तोंड फुगवलेलंच होतं, नजर खिडकीतल्या कुंडीवर. काकूंनी नाडीचं टोक तिच्या मानेला लावलं, खांद्यापर्यंत आणलं. राग दोघींचाही गेला नव्हता. पहिली गाठ काकूंनी जरा जास्तच घट्ट मारली.