पोत्याच्या आतला आवाज

रविवारी दुपारी जेवण झालं की मी हॉलचे पडदे ओढून घ्यायची आणि माणसं जिवंत सोलणारे सिनेमे बघायची. भुताखेतांचे नाहीत. भुतांनी माझं कधी भागलं नाही. मला लागायचे ते असे सिनेमे, ज्यांत कुणाला तरी खोलीत कोंडलेलं असतं आणि कोंडणाऱ्याला कसलीच घाई नसते.

आम्ही जांब्याला राहायचो, हिंजवडीच्या कंपन्यांच्या पाठीमागे. रूममेट जळगावकडची. सिनेमा सुरू झाला की ती आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची, पण किंकाळ्या दारातून जायच्याच. एकदा ती मेथी निवडता निवडता बाहेर आली. पडद्यावर एका बाईचे हात टेबलाला बांधलेले होते.

"तुला यात मिळतं तरी काय?" तिने विचारलं.

"अगं, सगळं खोटं असतं. रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि रंग."

"रक्त खोटं असेल. पण ती बाई घाबरलीय, ते?"

"अभिनय."

"तुला काय माहीत?"

मी हसले. ती मेथी घेऊन पुन्हा आत गेली.

काय मिळतं, ते मला तेव्हा धड सांगता आलं नसतं. परभणीच्या आमच्या घरात मोठ्याने घाबरायची सोय नव्हती. पाल दिसली तरी आई म्हणायची, ओरडायला काय झालं, शेजारी काय म्हणतील. इथे नोकरीत दिवसभर बारीकसारीक भीती असायची. मॅनेजरचा मेल, कॉलवर अचानक घेतलेलं नाव, घरमालकाचा फोन. त्या सगळ्या भीत्या अंगाला मुंग्यांसारख्या चिकटलेल्या असायच्या. दीड-दोन तास एकच मोठी भीती अंगावर घेतली की त्या झडून जायच्या. सिनेमा संपला की मी चहा टाकायची. तेव्हा आल्याचा वास फार छान यायचा, आणि आपले हात-पाय जागच्या जागी आहेत याचं बरं वाटायचं.

ऑफिसात आमच्या अख्ख्या मजल्यावर असले सिनेमे बघणारे दोघंच, मी आणि समोरच्या टीममधला एक मुलगा. उंच, हडकुळा, बोलणं इतकं हळू की कान द्यावा लागायचा. तो सुट्टीच्या दिवशी मित्रांना घेऊन छोटे सिनेमे करायचा. कँटीनमध्ये आम्ही तासन् तास बोलायचो. कुठल्या नटीने काय सहन केलं, कुणाच्या डोळ्यांतली भीती खरी वाटली, कोण नुसतीच किंचाळली. परीक्षकांसारखे आम्ही गुण द्यायचो.

एके दिवशी तो म्हणाला, "माझ्या नव्या फिल्ममध्ये काम करशील? एकटी बाई, कोंडलेली. कोळवणला मामाचं फार्महाऊस आहे. दिवसाउजेडीच शूट करू."

"मला अभिनय येत नाही."

"कुठे घाबरायचं ते तुला कळतं. तेवढं पुरे."

काळजी घ्यायची गोष्ट त्यानेच काढली होती. म्हणाला, "संवादांत तू 'सोडा', 'थांबा', 'बस' असं ओरडणारच आहेस. म्हणून खरंच थांबायचं असेल तर वेगळा शब्द ठरवू." माझ्या डब्यात तेव्हा पेरूच्या फोडी होत्या. मी म्हटलं, "पेरू." तो हसला. पेरू म्हटलं की सगळं जागच्या जागी थांबणार, असं ठरलं.

भातकापणी नुकतीच झाली होती. पौड सोडून कोळवणकडे वळलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रिकामी खाचरं आणि पेंढ्यांचे ढीग. फार्महाऊसच्या मागे एक कोठार होतं. त्यात भाताची पोती, फवारणीचा पंप, एक मोडका कूलर. एकुलत्या खिडकीवर त्यांनी काळं कापड मारलं. आम्ही चौघं. दिग्दर्शक, म्हणजे तो, त्याचा कॉलेजातला मित्र कॅमेऱ्यावर, मी, आणि खलनायक झालेला एक गृहस्थ. हे गृहस्थ बँकेत नोकरीला होते आणि दर वेळी माझे हात बांधून झाले की चष्मा सावरत विचारायचे, "ताई, घट्ट नाही ना झालं?"

सकाळचे शॉट मस्त झाले. मी ओरडले, रडले, विनवण्या केल्या. 'कट' म्हटलं की सगळे हसायचे. खरं सांगते, इतकी मोकळी मी कधीच ओरडले नव्हते.

जेवण फार्महाऊस सांभाळणाऱ्या माणसाच्या बायकोने केलं होतं. वाढता वाढता तिने विचारलं, "कसला पिच्चर हाय ह्यो?"

"घाबरायचा," दिग्दर्शक म्हणाला.

"मंग मला न्हाई बगायचा," असं म्हणून ती भात झोडपायला खाचरात निघून गेली.

जेवणानंतर डोकं झाकायचा शॉट होता. ठरलं होतं पांढरं कापड. पण दिग्दर्शकाची नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्यावर गेली. "हे जास्त खरं दिसेल," तो म्हणाला. पोतं एकदा झटकलं आणि माझ्या डोक्यावरून खांद्यापर्यंत ओढलं. गळ्याशी सुतळी गुंडाळली.

त्या पोत्यात कधीतरी भाताचं तूस भरलेलं असणार. पहिला श्वास घेतला आणि ते नाकातोंडात गेलं. मी खोकले. खोकल्यावर माणूस मोठा श्वास घेतो. तो घेतला, आणि आणखी तूस आत गेलं. हात खुर्चीमागे बांधलेले. पाय खुर्चीच्या पायांना. संवाद होता, "सोडा मला, मी कुणाला सांगणार नाही." तो मी अर्धा म्हटला. मग मी म्हटलं, "पेरू."

काही झालं नाही.

मी पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. घसा आवळत चालला होता. श्वास आत जात होता, पण पुरत नव्हता. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की खोलीत कसलाच आवाज नाही. मघापर्यंत खलनायकाचे बूट वाजत होते, ते थांबले होते. कुणी बोलत नव्हतं. मला त्यांचे श्वास ऐकू येत होते. तीन माणसं हाताच्या अंतरावर उभी होती, अगदी गप्प, आणि माझ्याकडे बघत होती.

मरायची भीती वाटली, ती वाटलीच. पण त्या शांततेची भीती त्याहून वेगळी होती. सिनेमा बघताना मी ज्या शांततेत बसलेली असायची, तीच शांतता, फक्त मी या बाजूला होते. मी खुर्चीसकट अंग झोकून दिलं. खुर्ची कलंडली, खांदा फरशीवर आपटला, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. बैलाला डागताना निघतो तसा.

धाडकन दार उघडलं. बाईचा आवाज आला, "कोन मारतंय पोरीला?"

कुणीतरी माझ्यावर वाकलं, सुतळी ओढली, पोतं वर गेलं. उजेडात मला आधी विळा दिसला, मग तो धरलेला हात, मग मघाशी जेवण वाढणाऱ्या त्या बाईचं तोंड. केसांत पेंढ्याचे तुकडे अडकलेले. ती धापा टाकत होती.

"अहो मावशी, शूटिंग चाललंय," दिग्दर्शक म्हणाला. "अभिनय आहे."

"त्वांड काळं-निळं झालंय तिचं! जनावर तरी असं वरडतंय व्हय? आन तुमी बगत बसलाय?"

तिनेच मला पाणी पाजलं, पाठ चोळली. खोकून खोकून माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. दिग्दर्शक माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याचे डोळे चमकत होते. "काय दिलंस तू!" तो हळूच म्हणाला.

"मी पेरू म्हटलं," मी म्हणाले.

"ऐकू नाही आलं गं. पोत्यात आवाज दबला असणार."

कॅमेरावाला फरशीकडे बघत होता. मी दिग्दर्शकावर विश्वास ठेवला. खरंच, आवाज दबला असेल. घरी येताना गाडीत तो सारखं सांगत होता की असा शॉट त्याने कुठे पाहिला नाही, आणि घसा सोललेला असतानाही मला आतून कुठेतरी बरं वाटत होतं.

मग काही आठवड्यांनी त्याने ऑफिसच्या छोट्या मीटिंग रूममध्ये जेवणाच्या सुट्टीत मला कच्चं एडिटिंग दाखवलं. काचेच्या भिंतीपलीकडे लोक डबे घेऊन जात-येत होते. मी इयरफोन लावले. सकाळचे शॉट आले. मी ओरडत होते, आणि मला चांगलं कळत होतं की ही बाई नाटक करतेय. मग पोतं आलं.

"पेरू," पोत्यातली मी म्हणाले. खोल होता आवाज, पण स्वच्छ. कुणालाही कळेल असा. दुसऱ्यांदाही स्वच्छ. तिसऱ्यांदा चष्मेवाले गृहस्थ पुढे सरसावले, पोत्याकडे हात नेऊ लागले. तेवढ्यात चौकटीच्या कडेने एक हात आत आला. लांबसडक बोटांचा, पंजा उघडा. थांब, अशी खूण करणारा. गृहस्थ थांबले.

पोतं वर गेलं तिथे मी व्हिडिओ थांबवला.

"तुला ऐकू आलं होतं," मी म्हटलं.

"आलं होतं. त्या आवाजावर म्युझिक टाकणार आहे, आणि हात क्रॉप होईल. तू काळजी करू नकोस."

"मी मेले असते."

"मी होतो ना तिथे. अजून चार-पाच सेकंदांनी कट म्हणणारच होतो." मग त्याच हळू आवाजात त्याने विचारलं, "तू इतक्या फिल्म बघतेस. तूच सांग. माझ्या जागी तू असतीस, तर त्या क्षणी कट म्हटलं असतंस?"

या प्रश्नाची मला आजही भीती वाटते. कारण 'हो' हे उत्तर माझ्या तोंडून लगेच आलं नाही. पोतं निघाल्यावरचा माझा चेहरा स्क्रीनवर तसाच थांबलेला होता. डोळे बाहेर आलेले, ओठांवर तूस, लाळ. हा चेहरा दुसऱ्या कुणाचा असता तर रविवारी दुपारी मी पुढे सरकून बसले असते. कँटीनमध्ये म्हटलं असतं, ही खरी वाटते.

"काढून टाक," मी म्हणाले.

तो ऐकेना. हे नसेल तर फिल्मच नाही, म्हणाला. तुला काही झालं तर नाही ना, म्हणाला. मी बँकेतल्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "मी पुढे आलो होतो, ताई. त्याने हात केला आणि मी थांबलो. का थांबलो, तेच मला कळत नाही." त्यांनी दिग्दर्शकाला सांगितलं की तो शॉट राहणार असेल तर फिल्ममध्ये आपला, म्हणजे खलनायकाचा, चेहरा दिसता कामा नये. खलनायकच नाही म्हटल्यावर त्याचं काही चालेना. त्याने माझ्यासमोर लॅपटॉपवरून तो शॉट पुसला, कॅमेऱ्याच्या कार्डावरूनही पुसला. पण मी कंपनीत टेस्टिंग करते. पुसलं म्हटलेलं खरंच पुसलं गेलं का, हे बघणं माझं रोजचं काम आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

विळा घेऊन धावून आलेल्या त्या बाईंना भेटायचं राहिलं होतं. एका शनिवारी सकाळी मी साडी आणि पेढे घेऊन कोळवणला गेले. अंगणात त्या आणि त्यांची जाऊ तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांना फार आनंद झाला. चहा आला.

"तुजा पिच्चर आमच्या फोनात हाय की," त्या म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला. कॅमेरावाल्याने शूटच्याच दिवशी, मजा म्हणून, तो तुकडा त्यांच्या नवऱ्याला पाठवला होता. "मी बी हाय त्यात," त्या हसत म्हणाल्या. "विळा घिऊन कशी घुसतीया, बग तरी!"

त्यांनी फोन जावेच्या आणि आपल्या मध्ये धरला. मी स्क्रीनकडे बघितलं नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पोत्यातला खोकला सुरू झाला तसे त्यांचे डोळे मोठे झाले. ओठ विलग झाले. जावेने पदर तोंडात धरला आणि त्यांचा दंड घट्ट पकडला. दोघी पुढे झुकल्या होत्या. माझ्यासाठी खाचरातून पळत आलेली हीच बाई. माझं तोंडही पडदे ओढलेल्या हॉलमध्ये असंच दिसत असणार. खुर्ची पडली तशी दोघी किंचाळल्या आणि लगेच खदाखदा हसू लागल्या.

"परत लाव," जाऊ म्हणाली.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"लई वाटती की! म्हनून तर बगतुया." माझा चेहरा बघून त्या जरा थांबल्या. "अगं, आता तू जिती हायेस. माज्या म्होरं च्या पितीयास. मंग बगाया काय हुतंय?"

मी त्यांना तो तुकडा पुसायला सांगितला. का, ते त्यांनी एका शब्दानेही विचारलं नाही. फोन माझ्या हातात दिला. "तूच पूस, मला न्हाई येत." मी पुसला. मग त्या ओशाळल्यासारख्या म्हणाल्या, "पर म्या म्हायेरी धाडलाय. भावजय म्हनली तिनं बी फुडं धाडलाय. लई आवडला समद्यास्नी."

निघताना त्यांनी माझ्या पिशवीत इंद्रायणी तांदूळ घातला आणि रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. पौडकडे जाणारी जीप भरलेलीच होती. मला मधल्या बाकावर कशीबशी जागा मिळाली. समोर कॉलेजला जाणारी एक मुलगी बसली होती, कानात इयरफोन, फोन नाकाशी. बघता बघता तिचे डोळे विस्फारले. तिने खालचा ओठ दातांत धरला आणि फोन आणखी जवळ घेतला.

गाणं असेल. एखादी रेसिपी असेल. मी स्वतःला सांगत राहिले. वाकून बघायचा धीर मला झाला नाही. पुढच्या फाट्यावर मी जीप थांबवायला लावली, उतरले, आणि एसटीची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभी राहिले.