रुमालाला तिकीट नाही

इंजेक्शन फ्रीजमधून काढलं की अर्धा तास बाहेर ठेवायचं असतं, थंडगार टोचलं तर फार दुखतं. दर अठ्ठावीस दिवसांनी हा अर्धा तास माझ्या वाट्याला येतो. खोका पोटाशी धरून मी दुपारची आडवी होते. शुभांगी सिस्टर चारला येणार आहे. स्वयंपाकघरात मैथिली बेसन भाजतेय. माझी मुलगी, सातवा महिना, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलीय. आली त्याच दिवशी डबे पुसायला लागली, माझ्या हाताला काम उरू द्यायचं नाही असा तिचा पण आहे.

तिच्यापासून एक गोष्ट मी लपवलीय. माझ्या आतड्यातली गाठ यकृतात पसरली आहे, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली आहे, कापून काढता येत नाही, हे तिला तीन वर्षं माहीत आहे. या वेळच्या स्कॅनमध्ये ती वाढलीय, हे माहीत नाही. इंजेक्शन आता एकटं पुरत नाही, असं अणावकर डॉक्टर म्हणाल्या. गोळ्या आहेत, यकृताकडचं रक्त अडवायचा उपाय आहे, पण माझ्यासाठी त्यांना ल्युटेशियम बरं वाटतं. शिरेतून द्यायचं किरणांचं औषध, दोन-दोन महिन्यांनी, चार वेळा.

"गाठ जाणार नाही. पण तिला लगाम बसेल, तुम्हाला वर्षं मिळतील," त्या म्हणाल्या. आणि दर डोसानंतर काही दिवस गरोदर बाईजवळ जायचं नाही, तान्हं बाळ मांडीवर घ्यायचं नाही.

मी म्हटलं, बाळंतपण होऊन जाऊ दे.

"सोमवारपर्यंत विचार करा. मी तर थांबा म्हणणार नाही."

बेसनाचा वास लांब जातो. कढईतलं उलथनं घासत राहतं, मग तेही थांबतं.

मी हॉस्पिटलच्या हॉलमध्ये उभी आहे. सगळ्या खुर्च्या भरलेल्या आहेत आणि कुणी बोलत नाही. कोपऱ्यात श्रीपतराव गुरव बसलेत, गारगोटी डेपोचे कंडक्टर. त्यांची गाठ माझ्यासारखीच, इंजेक्शनची तारीखही एकच, म्हणून ओळख झाली. गेल्या श्रावणात ते गेले. त्यांच्या फोटोला मी स्वतः हार घातलाय. हे मला आत्ताही आठवतंय, तरी मी विचारते, "कधी आलात?"

"मी हितंच हाय की. या बाई, जागा धरलीया तुमची."

शेजारच्या खुर्चीवर त्यांचा रुमाल आहे. हिरव्या चौकटींचा, कोपऱ्यात शाईचा डाग. तीस वर्षं या माणसानं एसटीच्या खिडकीतून टाकलेले रुमाल उचलून ज्याचे त्याला परत दिले, आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बजावलं, रुमालाला तिकीट नाही. तेव्हा आम्ही इंजेक्शन हॉस्पिटलात घ्यायचो, तिथं मात्र माझ्यासाठी स्वतःच रुमाल टाकायचे. मी त्यावरून चिडवलं की म्हणायचे, "शाळामास्तरणीला उभी कशी ठिवायची?"

त्यांचा चेहरा लालभडक झालाय. आमच्या दुखण्यात गाठ रक्तात काहीबाही सोडते आणि तोंड असं पेटतं. आम्ही त्याला लाल दिवा म्हणायचो. दोन-चार मिनिटांत उतरतो तो. त्यांचा उतरत नाही.

"दुखतंय का?"

"आता कशाचं दुखतंय. बसा, गाडी सुटायला येळ हाय."

खुर्च्या एकामागे एक लागल्यात, खिडक्यांना गज आहेत. आम्ही एसटीत आहोत. पाटीवर गावाचं नाव नाही, नुसता पांढरा रंग. बसलेले लोक मी ओळखते. इंजेक्शनच्या रांगेतले आहेत, गेल्या दोन वर्षांत यायचे थांबलेले. श्रीपतरावांच्या खांद्याला चामड्याची पिशवी आहे. ते पंच वाजवत येतात आणि माझ्याजवळ थांबतात.

"तुम्हालाही ल्युटेशियम सांगितलं होतं," मी म्हणते.

"सांगितलं हुतं की. म्हटलं, भात कापून हुं दे. मग पोराचं लगीन आलं. मग जत्रा." ते हसतात. "तुमचं काय हाय?"

"मुलीचं बाळंतपण."

"मग गडबड न्हाई. बाळंतपण हुं दे, बारसं हुं दे. जागा कुठं जात न्हाई तुमची."

त्यांच्या आवाजात माया आहे आणि मला भीती वाटते. हे माझेच शब्द आहेत. अणावकर डॉक्टरांना मी अगदी अशाच समजूतदार सुरात सांगितले होते. माझे पाय दुखतायत. बसावंसं वाटतंय, इतकं की मी सीटच्या दांडीला धरते.

पुन्हा बेसनाचा वास येतो. मैथिली दोन्ही बाजूंना धरत, पोट सांभाळत, सीटांमधून येतेय. कुणी उठून तिला जागा देत नाही. तिच्या हातात लाडवांचा डबा आहे.

"आई, सरक ना. मी तुझ्याजवळ बसते."

"तू खाली उतर."

"तुला सोडून कशी उतरू? इतक्या लांबून तुझ्याजवळच आलेय ना मी?"

ती रुमाल बाजूला सारायला वाकते. मी तिचा हात झटकते. आयुष्यात कधी तिच्यावर हात उगारला नाही, तो आज उगारला. रुमाल मीच उचलते. तो गरम आहे, ओलसर आहे.

"बाई, रुमाल उचलला की जागा गेली," श्रीपतराव म्हणतात.

"रुमालाला तिकीट नाही. तुम्हीच सांगायचात."

ते बराच वेळ माझ्याकडे बघतात. लाल तोंडावरून घाम ओघळतो, पुसायला त्यांच्याकडे काही नाही. मला रडू येतं. मी रुमाल पुढे करते, ते घेत नाहीत.

"ऱ्हाऊ दे तुमच्याकडं," ते म्हणतात. "उतरा. लेकीला धरून उतरा. मला कुणी उचलून दिला न्हाई."

ते दोरी ओढतात. घंटा वाजते, पुन्हा वाजते.

दारात शुभांगी सिस्टर आहे. मैथिली पदराला हात पुसत दार उघडते. खोका माझ्या पोटावरून घसरून उशीला टेकलाय. सिस्टर सिरिंज तयार करते, मला कुशीवर वळवते. "मावशी, मूठ सैल सोडा की. केवढी आवळलीय."

मी मूठ उघडते. आत हिरव्या चौकटींचा रुमाल आहे, कोपऱ्यात शाईचा डाग.

सुई आत जाते.

"मैथिली, बाळंतपणाला तू सासरी जा."

ती हसते. "का गं? कंटाळलीस एवढ्यात?"

"गाठ वाढलीय. सोमवारची वाट बघायची नाही, आत्ताच अणावकर डॉक्टरांना फोन लाव. त्यांना म्हणावं, पहिली मिळेल ती तारीख द्या."

तिचं हसू जातं. ती खाली बसते, माझे पाय धरते. दर डोसानंतर काही दिवस बाळाला मी लांबूनच बघणार, हेही तिला सांगते. ती नाक पुसायला हाताशी आलेला रुमाल उचलते आणि थबकते.

"ओला आहे हा. कुणाचा?"

"एका कंडक्टरांचा. धुऊन वाळत घाल," मी म्हणते. "दोरीवर घाल. खुर्चीवर टाकू नकोस."