कुंभार्ली घाट, आप्पा आणि ओव्हरड्राइव्हचं बटण

माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना क्लच दाबता येत नाही. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, आता माझ्या शेजारी बसून रस्ता बघतो. देवरूखच्या आत्याला भेटायचं त्यांच्या मनात होतं, म्हणून ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी आम्ही दोघं पुण्याहून पहाटे साडेपाचला निघालो. गाडी महिन्यापूर्वी घेतलेली, जुनी, चार गिअरची ऑटोमॅटिक. शहरात मी ती फक्त डी वर टाकून चालवत होते आणि स्वतःवर खूश होते.

कराडपर्यंत हायवे, मग पाटणच्या रस्त्याला लागलो. पाटणला मिसळ खाल्ली. कोयनानगरच्या पुढे हवा गार झाली आणि धुकं उतरलं. चिपळूणकडे जाणार असाल तर हा घाट दिवसाच गाठा. वळणं अवघड आहेत आणि मालाचे ट्रक सतत असतात.

उतार लागला तसा मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला. गाडी हळू व्हायच्या ऐवजी सुसाट सुटली. ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला. चार-पाच वळणांनंतर जळका वास येऊ लागला.

"गिअर खाली टाक," आप्पा म्हणाले.

"आप्पा, ही ऑटोमॅटिक आहे. गिअर तीच टाकते."

"मग टाकत का नाही? इंजिन गाडीला धरतच नाहीये. आवाज ऐक."

पुढच्या वळणावर ब्रेकचं पेडल मऊ लागलं. आप्पा आवाज न चढवता म्हणाले, "डावीकडे रुंद जागा आहे. हँडब्रेक हळूहळू ओढ." कठड्याच्या अलीकडे गाडी थांबली. मला बराच वेळ स्टिअरिंग सोडवेना.

मागून येणारा एक पिकअप थांबला. पन्नाशीचे सुलेमानभाई उतरले. घर रत्नागिरीजवळच्या खाडीकाठी, अठरा वर्षं मस्कतला ड्रायव्हर. त्यांनी चाकाजवळ वाकून वास घेतला.

"ब्रेक भाजलेत. पाणी मारू नका, आपोआप थंड होऊ देत." मग खिडकीतून आत बघत म्हणाले, "ओव्हरड्राइव्ह चालूच ठेवलंत ना ताई?"

मी पहिल्यांदाच ते बटण नीट पाहिलं. गिअरच्या दांड्यालाच होतं.

"तिसऱ्या गिअरला इंजिन एक फेरी मारतं तेव्हा चाकांकडे जाणारा दांडापण एकच मारतो," ते दोन बोटं फिरवत सांगू लागले. "चौथा म्हणजे ओव्हरड्राइव्ह. त्यात दांडा इंजिनापेक्षा जास्त फिरतो. सपाटीला बरं, इंजिनाला आराम, पेट्रोल वाचतं. पण गाडी गिअर ठरवते कशावरून? वेग किती आणि पाय किती दाबलाय त्यावरून. उताराला तुम्ही पाय काढलात, तिला वाटलं आता जोर नको. टाकला चौथा. तिला घाट दिसत नाय ना!"

आप्पा इतके मन लावून ऐकत होते की गुडघ्याचं विसरून दाराबाहेर येऊन उभे राहिले. "म्हणजे बटण दाबलं की चौथा बंद?"

"बरोबर. समोर 'ओ/डी ऑफ' दिवा लागेल. जास्त उतार असला तर गिअरचा दांडा दोनवर घ्या. गाडी इंजिनावर उतरते, ब्रेक नुसता अधूनमधून."

पाऊण तास थांबलो. पेडल परत कडक झाल्याचं सुलेमानभाईंनी स्वतः दाबून पाहिलं आणि घाटाखालच्या अलोऱ्यापर्यंत हळूहळू आमच्या पुढे राहिले. मी ओव्हरड्राइव्ह बंद करून, दांडा दोनवर ठेवून उतरले. इंजिन घुमत होतं, गाडी ताब्यात होती. अलोऱ्यात एका गॅरेजवाल्याने ब्रेक तपासून दिले, मग पुढे निघालो.

सावर्ड्याला बांगड्याची थाळी आणि सोलकढी घेतली. तिथून महामार्ग कुठे मोकळा, कुठे वळवलेला. एका सरळ पट्ट्यावर आप्पांनीच बटण दाबून ओव्हरड्राइव्ह परत चालू केलं. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांजवळून दोन हजारांवर आला, वेग तोच, आवाज मात्र निम्मा. "झोपलं बघ इंजिन," ते हसले. संगमेश्वरहून आत वळून चारला देवरूखला पोचलो. आत्या वाट बघत पायरीवर बसली होती.

सोमवारी परतताना त्याच घाटात मी विचारलं, "परवा घाबरला होतात?"

"हो. तू काय करतेस ते कळत होतं. गाडी काय करते ते कळत नव्हतं."

या माणसाला गाडीत भीती वाटू शकते, हे मला पन्नाशीला येताना कळलं.

घरी येऊन दोन आठवडे झाले. आत्याने दिलेली तिच्या अंगणातली सुपारी अजून उन्हात वाळतेय, फोटो फोनमध्येच आहेत. आप्पांनी मात्र गाडीचं पुस्तक दोनदा वाचलं, डॉक्टरांना जाऊन विचारलं. उजवा पाय ठणठणीत आहे, ऑटोमॅटिक चालवायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. काल सकाळी आप्पांनी किल्ली मागितली. मंडईपर्यंत आणि परत, एवढंच. मी डावीकडे बसले, आणि प्रत्येक सिग्नलला माझा पाय उगाचच खालच्या मॅटवर दाबला जात होता. आप्पांच्या ते लक्षात आलं असावं. पण ते रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले.