कूलरपुढची पेटी

कॉलेजची गच्ची पुरेना, म्हणून कण मोजायची आमची तिसरी पेटी काकूंच्या घरावर गेली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सक्करदऱ्याजवळच्या एका कॉलेजात वैश्विक किरणांवर पीएच.डी. करत होतो, म्हणजे आकाशातून काहीतरी पडायची वाट पाहत होतो. अवकाशातून एखादा जबरदस्त ऊर्जेचा कण हवेवर आदळला की खाली असंख्य कणांचा सडा पडतो. तो कोणत्या पेटीत आधी पोचला आणि कोणत्या पेटीत मागून, यावरून मूळ कणाची दिशा काढायची. साधे कण वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रांमुळे इतके वळतात की त्यांचा पत्ता शोधण्यात अर्थ नसतो. फार मोठा कण मात्र जवळजवळ सरळ येतो. तसा एक मिळाला असता तर तो कुठून निघाला ते सांगता आलं असतं आणि माझा प्रबंधही गाजला असता.

तो काही मिळेना. त्यात मे महिन्यात पेट्यांमधली यंत्रं उन्हानं वेडी होत, खोटेच ठोके मोजत. काकू कॉलेजमागच्या गल्लीत राहायच्या. नात्यातल्या नव्हत्या, पण गच्ची त्यांनी एका शब्दावर दिली होती. त्यांच्याकडे चहा पिताना मी त्या उन्हाला मनसोक्त शिव्या घालायचो.

आणि एका दुपारी तो आला. तिन्ही पेट्या एकदम दणकून वाजल्या. ठोक्यांची नोंद फिल्मवर व्हायची; माझ्या मार्गदर्शक सरांनी ती धुऊन उजेडात धरली आणि लगेच कागद पुढे ओढला. आकडेमोड झाली, दिशा निघाली, आणि मी संत्राबर्फीचा डबा घेऊन काकूंकडे पळालो.

जाता जाता सवयीनं गच्चीवर डोकावलो. पेटी जागेवर नव्हती. ती खाली पुढच्या खोलीत कूलरसमोर होती, अंगावर ओला टॉवेल घेऊन.

"काहून गा, असा काय पाहून राहिला?" काकू म्हणाल्या. "तूच तं म्हणे, उन्हानं वेडं होते. मले पाहवलं नाही. ऊन लय असलं का आम्ही सासू-सुना त्याले खाली आणतो. संध्याकाळी वर नेऊन ठेवतो."

हे कण स्लॅबमधूनही आरपार जातात. पेटी खालीही वाजत राहिली होती, त्यामुळे आम्हाला काही कळलंच नाही. दिशेचं गणित मात्र पेटी नेमकी कुठे आहे यावरच उभं होतं. मी त्या दुपारची तारीख सांगितली आणि तेव्हा पेटी कुठे होती ते विचारलं.

"आता ते कोनाले याद राहते बापा? कधी आणतो, कधी राहून जाते." त्यांनी डबा उघडून पहिली बर्फी माझ्याच हातावर ठेवली.

पेटी वर होती असं धरून गणित केलं तर कण आकाशाच्या एका कोपऱ्यातून येत होता. खाली होती असं धरलं तर भलत्याच ठिकाणाहून. मी दोन्ही उत्तरं सरांपुढे ठेवली.

"एक कण दोन ठिकाणांहून निघत नाही," एवढंच म्हणून त्यांनी फिल्म कपाटात टाकली.

माझं रडायचं तेवढं बाकी होतं. ओरडावं तर कुणावर? कुणीच वाईट वागलं नव्हतं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप येत होता. प्रबंध शेवटी साध्या कणांवर झाला. तसा मोठा कण पुन्हा आमच्या वाट्याला आला नाही.

काकूंना मी खरं कधीच सांगितलं नाही. त्या भेटल्या की विचारायच्या, "सापडलं का गा, कुठून आलता ते?"

"नाही, काकू."

"असं कसं?" त्या मनापासून हळहळायच्या. "आम्ही तं किती जपलं त्या पेटीले."