गुरुवारचा कागद

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. दिवसभर सुटे भाग मोजायचे, माप चुकलं की नापास. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. त्यामुळे जयनगरच्या आमच्या घरमालकांनी साडेतीनशे वर्षांपूर्वीचा इनामाचा कागद टाइप करायला दिला, तेव्हा मी तो आधी तपासला. हे या कानडी मुलखातले जुने मराठी; सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. त्यांचे चुलतभाऊ या कागदाला खोटा म्हणत हसतात, म्हणून घराण्याच्या पुस्तिकेत तो पहिल्या पानावर छापायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

कागदावर शक, तिथी आणि वार गुरुवार. समासात अण्णांच्या आजोबांनी पेन्सिलीनं इंग्रजी तारीख लिहिलेली. ती लॅपटॉपमध्ये घातली, तर सोमवार आला.

"अण्णा, कागद बनावट वाटतो."

"त्या दिवशी तुझा लॅपटॉप होता काय तिथं?"

आतून त्यांच्या बायकोचा, अक्कांचा आवाज आला, "भाडेकरू ठेवा म्हटलं होतं, फौजदार नव्हे!"

पण तारखा कशा जन्माला येतात ते मला ठाऊक आहे. माझी शाळेतली जन्मतारीख एक जून. गुरुजींनी निम्म्या वर्गाला तीच लावली. आई म्हणते, मी कडाक्याच्या थंडीत, गावच्या बाजारादिवशी झाले. आईला वार आठवतो, तारीख नाही.

अण्णांनी छपाई थांबवली. जिन्यात भेटले की नुसतं कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणून बाजूला होत. ते मला लागलं. शेवटी विचारलं, आजोबांनी ती इंग्रजी तारीख काढली कुठून? त्यांनी तिथींच्या इंग्रजी तारखा देणारी एक जुनी जंत्री आणून ठेवली.

प्रस्तावनेत बारीक अक्षरात होतं: त्या काळच्या तारखा इंग्रजांच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे. माझा लॅपटॉप मात्र आजचंच कॅलेंडर मागं ताणत गेला होता. त्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक. दहा म्हणजे एक आठवडा आणि वर तीन दिवस. सोमवारनंतर तीन दिवस, गुरुवार. पुढं इंग्रजांनी कॅलेंडर बदललं तेव्हा तारखा गाळल्या; वार मात्र ओळीनं चालतच राहिले.

वर जाऊन सांगितलं. "चूक माझी होती, अण्णा. वार बरोबर आहे."

"म्हणजे कागद खरा?"

हो म्हणणं सोपं होतं. "वार खरा. खोटा कागद करणाऱ्याकडंही पंचांग असतंच की."

अक्कांनी कपाळाला हात लावला. अण्णांनी कागद परत माझ्याकडं सरकवला.

"स्वल्प तरी गोड बोलायला शिक गं. बरं, तसंच टाइप कर. वार जुळतो, बाकीचं ठाऊक नाही. पान पहिलंच राहू दे. आणि खाली तुझं नाव घाल. भावकी भांडायला आली, की सरळ तुझ्या दारात पाठवतो."