होडीच्या तळाचा तुकडा

दयानंदअप्पांना भुजंग मिस्त्रीची खरी ओळख अशी नव्हतीच. एकवीस वर्षं माणूस दुकानात येत होता, पण त्याला मुलं किती, घर स्वतःचं की भाड्याचं, हे अप्पांनी कधी विचारलं नाही. फोनमध्ये ‘भुजंग होडीवाले’ एवढंच. मागच्या वर्षी तो वारल्याचं कळलं, तेव्हा भेटायला कुठल्या घरी जावं हेही त्यांना सुचेना.

ठाऊक होतं ते इतकंच, की इस्लापूरकडचा हा सुतार पैनगंगेवर आणि आसपासच्या तलावांवर मासे धरणाऱ्यांच्या होड्या दुरुस्त करतो, आणि प्लायवूड घ्यायला नांदेडला अप्पांच्याच दुकानात येतो. बाकी गिऱ्हाइकं शिक्का वाचून शीट उचलत. भुजंग शीट उभी करून बोटांच्या पेरांनी ठोकत जाई. आवाज पोकळ आला की बाजूला. मग कडेला डोळा लावून थरांत फट आहे का ते बघे.

“मिस्त्री, सून बघून राहिले का?” अप्पा चिडवायचे.

“सून न्हाई पटली तर माहेरी तरी जाती, अप्पा. हे डोहात सुटलं तर कुठं जाईल?”

“अहो, वॉटरप्रूफचा शिक्का आहे की त्याच्यावर.”

“शिक्का काय पवणार हाय व्हय?”

शेवटी तो वीतभर पट्टी कापून घेई आणि शेजारच्या चहावाल्या उमाबाईंच्या स्टोव्हवर डब्यात उकळत ठेवी. चांगले पाच तास. “मिस्त्री, मीठ टाकू का?” उमाबाई विचारायच्या. मग थरांत चाकूचं टोक घालून बघायचं. थर सुटला नाही, तरच शीट घ्यायची. गावी नेल्यावर कापलेल्या प्रत्येक कडेला आणि स्क्रूच्या प्रत्येक भोकाला तो रेझीनचे तीन हात देई, एकेक हात सावलीत वाळवून. प्लाय पाणी पितो तो कडेनं, हे अप्पांना त्याच्याकडूनच कळलं. जन्मभर प्लाय विकूनसुद्धा.

चार वर्षांमागं पावसाळ्यात त्याचा फोन आला. बायको, सिंधु, दवाखान्यात होती आणि बजरंग नावाच्या मासेवाल्याच्या होडीला नवा तळ घालायचा होता.

“मला येणं होत न्हाई. तुमीच पट्टी उकळून बघा, अन् शीट टेम्पोत घालून द्या.”

अप्पांनी ‘हाव, बघतो’ म्हटलं. त्या दिवशी दुकानात गर्दी होती. त्यांनी दोन शीट ठोकल्यासारख्या केल्या, शिक्का वाचला आणि पाठवून दिल्या. सांजच्याला पुन्हा फोन.

“उकळली का, अप्पा?”

“हाव. पाच तास.”

तसं का म्हटलं, हे त्यांना आजही सांगता येत नाही. राहून गेलं म्हटलं असतं, तर त्यानं तिकडं उकळून घेतली असती. रागावलाही नसता.

दिवाळीच्या आधी ती होडी तलावाच्या मधोमध तळातून सुटली. बजरंग पोहून काठाला लागला, जाळं गेलं. आठवड्यानं भुजंग दुकानात आला आणि पिशवीतून तळाचा हातभर तुकडा काढून त्यानं अप्पांपुढं ठेवला. अप्पा शिव्या खायला तयार होते.

“लोकं म्हणून राहिले, मिस्त्रीचे डोळे गेले, कडा भरता येत न्हाईत,” तो म्हणाला. “खरं हाय, मला आता बारीक दिसत न्हाई. तुमी बघा. प्लाय तर तुमी उकळून दिला व्हता, म्हंजी त्याचा दोष न्हाई. कड गळली असंल तर सांगा, हत्यारं ठेवून देतो.”

अप्पांनी तुकडा उजेडात धरला. कडेचं रेझीन काचेसारखं शाबूत होतं, एका भोकातही उणं नव्हतं. थर सुटले होते ते मधोमध, जिथं डिंकच कच्चा होता. उमाबाई दारात चहा घेऊन उभ्या होत्या, दोन गिऱ्हाइकं ऐकत होती.

“कडेलाच थोडं राहिलं असंल, मिस्त्री,” अप्पा म्हणाले.

भुजंगानं मान डोलावली. तुकडा पिशवीत घातला, उमाबाईंचा चहा उभ्याउभ्याच घेतला.

“इस्लापूरची गाडी किती वाजता हाय?”

“पावणेपाचला.”

“मंग निघतो.”

“हाव. सावकाश जा.”