मालूबाईचा तिसरा दगड

१९५७ च्या चैत्रात बुरहानपूरच्या इतवाऱ्याच्या बाजारात एक बातमी कोथिंबिरीसारखी फुकट मिळत होती: जैनाबादची मालूबाई धुळ्याकडच्या कुणा बाप्याबरोबर पळाली. कुणी म्हणे भुसावळच्या गाडीत पाहिली, कुणी म्हणे हिरवं लुगडं नेसली होती. चार दिवसांत त्या लुगड्याला जरीचे काठही आले. तिचा नवरा दगा याला विचारलं की तो एवढंच म्हणे, "गेलीय, येईल." असा नवरा असल्यावर दुसरं काय होणार, असं म्हणत बाया पुढच्या दुकानाकडे वळत.

मालूबाई मुळातच तापट. त्यात तिचं डोकं फिरलं ते बंधाऱ्यापायी. दोन वर्षांपूर्वी गावचा कारभारी लीलाधर याला पुढे घालून गावातली पाच मोठी माणसं धुळ्याकडे पांझरा नदीकाठी गेली होती. तिकडे नाल्यावर बंधारा घालून गावं आपापसात पाणी वाटतात, सरकारचं तोंड पाहत नाहीत, असं ऐकलं होतं. गेले. दोरीनं भिंत मोजली, चुन्यात काय मिसळता ते विचारलं, पुरणपोळ्या चापल्या आणि परत आले. पाणी वाटता कसं, एवढं विचारायचं राहिलं, कारण पानं मांडून झाली होती!

मग घरटी दगड वाहून गावानं हुबेहूब भिंत बांधली. मालूबाईनं पोटुशी सून घरी ठेवून एकटीनं दोघींचे दगड वाहिले. पाणी अडलं, पाटाला लागलं, आणि पहिल्याच शेतात मुरलं. ते शेत लीलाधरचं. पाटाच्या शेवटी मालूबाईची केळी. पानं पिवळी पडली, घड भरायच्या आधीच खोडं कमरेत मोडू लागली. वर्षाचं पीक डोळ्यांदेखत आडवं होत होतं.

ती चावडीवर गेली. "लीलाधरभाऊ, आमच्याकडे पाणी कधी येईल?"

"वरचं भागलं की खाली येईल, वहिनी. पाण्याचा स्वभावच तसा."

"पाण्याचा नई, तुमचा!"

"धीर धर. मोठा कालवा होणार आहे. कागद नागपूरला होता. आता राज्य बदललं, तर भोपाळला गेलाय."

"तो पोचेपर्यंत माझी केळी सरणावर जाईल. कागद काय पायी निघालाय?"

घरी येऊन तिनं लुगडी बांधली. दगाची बहीण सरुबाई पांझरेकाठच्या एका गावात दिली होती. "मी तुमच्या बहिणीकडे चालली," ती नवऱ्याला म्हणाली. "पण कुठी गेली ते कोणाले सांगू नका. नाहीतर लीलाधर माझ्याआधी तिथं जेवायला पोचेल."

दगानं शब्द पाळला. गावानं उरलेली जागा भरली.

तिकडे ती रोज लोटू पाटकऱ्याच्या मागे पाटानं चालली. लोटू साठी उलटलेला, तोंडात दोनच दात. गावाचं पाणी सोडणं-बंद करणं त्याचं काम. त्याच्या गावाची रीत साधी होती. पाणी कमी पडू लागलं की पाळी शेवटच्या शेतापासून सुरू. आणि पाटकऱ्याचं स्वतःचं शेत त्या पाटावर नको.

"हे लिहिलंय कुठी?" तिनं विचारलं.

"लिहिलं असतं तर कोणीतरी फाडलं असतं ना, माय."

एवढं सोपं होतं! तिला संताप आवरेना. पाच मोठी माणसं, आणि पुरणपोळीशिवाय घरी काही आणलं नाही.

येताना तिनं लोटूलाच आणलं. पारावर लीलाधर तयारच होता. "आणला का पाव्हणा? दगा, आता तुझी भाकर कोण थापणार रे?"

लोक खदखदा हसले. मालूबाई म्हणाली, "हसा. हसायले पाणी लागत नई."

लोटू मात्र शांत होता. सकाळीच तो बुरहानपुरातल्या जुन्या कुंड्या, म्हणजे भुयारी पाटावरच्या विहिरी, पाहून आला होता. "तुमच्याकडे साडेतीनशे वर्षं जमिनीखालून पाणी चालतं," तो म्हणाला. "उन्हाले थेंब देत नई. आमचा पाट उघडा, निम्मं पाणी सूर्य पितो. मी घरी गेलो की पहिले पाट झाकायचं बोलतो. मले तुमच्याकडून शिकायची लाज नई वाटली, तुमाले कसाची वाटते?"

"आमची भिंत, आमची रीत," लीलाधर म्हणाला.

मालूबाई तडक वळली. घरी जाऊन पहार घेतली आणि थेट बंधाऱ्यावर. "भिंत याची म्हणे! हे दगड माझ्या डोक्यावरून आले. माझे मी नेते." पहिला दगड निघाला. दुसरा निघाला. पाटाच्या शेवटची अकरा घरं एकेक करून पहारी घेऊन आली. भाईदाससारखा मुंगीलाही वाट देणारा माणूस लुंगी खोचून उभा राहिला. तिसरा दगड सुटला आणि फटीतून पाणी सुसाट निघालं, सगळ्यांचंच, लीलाधरच्याही केळीचं.

तो धोतर सावरत धावत आला. "थांब वहिनी! लाव पाळी, कशीही लाव!"

"कशीही नई. शेवटून."

भाईदासनं फट बुजवली. त्याच दिवशी पाणी मालूबाईच्या शेतात पोचलं. निम्मी केळी वाचली. निम्मी गेलीच, आणि ती तिनं लीलाधरला शेवटपर्यंत माफ केली नाही. काढलेले दोन दगड भिंतीत परत गेले. तिसरा तिनं अंगणात टाकला, धुणं आपटायला. आपटताना नाव कुणाचं घेई, ते शेजारणींना पाठ होतं.

मालूबाई पळाली नव्हती. नवऱ्याला सांगून ती नणंदेकडे गेली होती आणि अकरा दिवस पाणी वाटायला शिकत होती.